पांढरी झालर

६ जून

नणंदबाई,

अक्षर ओळखलं असशीलच. आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर मंडळींनी बोटांवर पट्टी मारून वळण लावलेलं अक्षर आहे, म्हातारपणीसुद्धा ओळीबाहेर जायची त्याची हिंमत होत नाही. पाकीट फोडावं की तसंच कचऱ्यात टाकावं असा विचार करत दारात उभी असशील, तर फोड. मला तुझ्याकडून माया नको, समजूत नको. डॉक्टरी मत हवंय. त्यासाठी नात्यात गोडी असावी लागत नाही.

फोन का केला नाही, म्हणशील. जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये घालवलेली बाई सहा वर्षांनी तुझ्याशी बोलते तीही शाईने, याचं तुला हसू येईल. येऊ दे. मला बोलता येत नाही, हे खरं कारण. वाक्य सुरू केलं की अर्ध्यात खोकला येतो, आणि तो थांबेपर्यंत समोरच्याला माझा आणि मला समोरच्याचा कंटाळा आलेला असतो. शाळेत तू मला भोंगा म्हणायचीस. भोंगा बसलाय.

थंडीपासून चालू आहे. इथला छातीचा डॉक्टर पोरसवदा आहे. मी त्याला छातीवाला म्हणते. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालूनच त्याने विचारलं, "आजी, वजन किती उतरलं?"

म्हटलं, "मी तुमची आजी असते, तर बोलताना माणसाकडे बघायला शिकवलं असतं."

तेव्हापासून बघतो. मुलगा वाईट नाही. आधी म्हणाला दमा, आणि हातात पंप दिला. पंपाने काही झालं नाही. मग म्हणाला टीबी असू शकतो, पण कफात टीबीचे जंतू सापडेनात. रक्तात ॲलर्जीच्या पेशी भरमसाट वाढल्यात म्हणे. मग त्याने एका नेहमीच्या बुरशीची तपासणी केली, कसलंसं लांबलचक नाव आहे, जन्मभर बुरशा तपासल्यास तू, तुझ्या तोंडी असायचं. ती निघाली नाही. शेवटी छातीत नळी घालून आतला कफ काढला आणि प्रयोगशाळेत पाठवला. त्यात पांढरं, कापसासारखं काहीतरी उगवलं. प्रयोगशाळेने काय लिहून पाठवावं? "हवेतून पडलेली बाहेरची बुरशी. दुर्लक्ष करावे."

माझ्या छातीतून काढलेलं, आणि म्हणे बाहेरचं! मी छातीवाल्याला म्हटलं, "मग मी बाहेर राहते की काय?" तो हसला. मी हसले असते, पण खोकला आला.

आणि खोकल्यातून काय पडतं तेही लिहिते. तुला असल्या गोष्टींची किळस कधीच नव्हती. तपकिरी, रबरासारखं चिवट असतं. एकदा चमच्याने पसरून पाहिलं तर फांदीला फांद्या फुटाव्यात तसा आकार होता. माझ्या आत झाड वाढतंय की काय, असं वाटलं. तो आता टीबीच्या गोळ्या "देऊन बघू" म्हणतोय. देऊन बघायला मी काय उंदीर आहे?

तर मत कळव.

बाकी ठीक. दुपारी मी तुझ्या भावाच्या लाकडांच्या खोलीत बसते. हो, तीच खोली, जी तुझ्या डोळ्यांत खुपली होती. सगळं तसंच आहे, लाकूड कातायचा लेथ, पटाशा, रस्त्यावर झाड पडलं की धावत जाऊन उचलून आणलेले ते ओंडके. एका कोपऱ्यात छप्पर गळतं. तिथल्या ओंडक्यांवर आता छोटे छोटे पांढरे पंखे उगवलेत, फ्रॉकला झालर लावावी तसे ओळीने. मखमली दिसतात, आणि खालच्या बाजूला बारीक चुण्या. त्याला आवडले असते, म्हणून मी ते काढत नाही. त्यांची धूळ झटकते, इतकंच.

त्या खोलीत तुझीही एक वस्तू आहे. असू दे.

वहिनी


१७ जून

नणंदबाई,

मी एवढं लांब पत्र लिहिलं आणि तू उत्तर काय पाठवलंस? चार ओळी. त्यात "कशी आहेस" नाही, "बरं वाटलं पत्र बघून" नाही. "त्या खोलीत पाऊल टाकू नकोस. पांढऱ्या झालरीचा तुकडा दुसऱ्या कुणाकडून काढून घे, त्याच्या नाकातोंडाला मास्क हवा, आणि पिशवी बंद करून पाठव. कफाचा ताजा नमुना पाठव. तुझ्या डॉक्टरचा नंबर दे, टीबीच्या औषधाआधी मला त्याच्याशी बोलायचंय." खाली सहीसुद्धा नाही. आमच्या एक्सचेंजमध्ये तक्रार नोंदवणारी माणसं याहून प्रेमाने बोलायची.

नंबर सोबत जोडलाय. कफ पाठवते. झालर पाठवणार नाही.

तुला वाटतं मला कळत नाही? तू पुन्हा त्याच खोलीवर आली आहेस. तुझा भाऊ गेला तेव्हा तू आलीस. डोळ्यांत टिपूस नाही. त्याच्या चपला अजून दारातून हलल्या नव्हत्या, आणि तू खोलीत जाऊन एकेका ओंडक्यावर बोटाने टकटक करत फिरलीस, दुकानात नारळ निवडावा तशी. मग बाहेर येऊन म्हणालीस, "वहिनी, ही लाकडं काढून टाक. ओल धरतील."

वहिनी! जन्मात पहिल्यांदा तू मला वहिनी म्हणालीस, तेही हे सांगायला. मी म्हटलं, "लाकडं राहतील, तूच हल." तू हललीस. त्याच संध्याकाळच्या गाडीने. जाण्याआधी बाथरूमचा नळ मात्र सोडून बसली होतीस, अर्धी टाकी संपवलीस. त्या रात्री मला तोंड धुवायला पाणी नव्हतं.

आता माझ्या खोकल्याचं निमित्त करून तुला ती खोली रिकामी करायची आहे. सहा वर्षांत तुझी जिद्द कमी झालेली नाही, हे बघून बरं वाटलं. माझीही झालेली नाही.

वहिनी


९ जुलै

टाचणीबाई,

शाळेतलं नाव लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. परवा छातीवाल्याने विचारलं, "तुम्ही त्या मॅडमना कशा ओळखता?" मी म्हटलं, "बाकावर शेजारी बसायची. इतकी टोकदार होती की सिस्टर तिला टाचणी म्हणायच्या." तो इतका हसला की त्यालाच खोकला आला. तू त्याला फोनवर बराच वेळ झोडपलंस असं दिसतं. वहीत लिहून घेत होता, आणि टीबीच्या गोळ्यांचं नाव काढत नाही आता.

तू पाठवलेलं पत्र दोनदा वाचलं. एकदा राग काढायला, एकदा समजून घ्यायला. मला समजलं ते असं. माझ्या कफातून तुझ्या बशीतही तोच पांढरा कापूस उगवला. बाकीच्या बुरशा बिया धरतात आणि त्या बियांवरून तू नाव सांगतेस. हा कापूस बियाच धरत नाही, म्हणून लोक त्याला निनावी समजून फेकून देतात. पण दोन वेगवेगळ्या गावांत, दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तीच बाहेरची घाण पडेल कशी, असं तू म्हणतेस. शिवाय धाग्यांच्या सांध्यांवर तुला बारीक कड्या दिसल्या. असल्या कड्या असणारी मंडळी मोठी होऊन छत्रीसारखी उगवतात. म्हणून तू ती बशी अंधाऱ्या कपाटातून काढून उजेडात, खिडकीत ठेवलीस आणि वाट बघते आहेस. निवृत्त होऊनही तू जातेस त्या प्रयोगशाळेतली नवी मुलं म्हणतात, "मॅडम, मुदत संपली, टाकून देऊ?" आणि तू म्हणतेस, "हात लावून दाखव."

हे वाक्य वाचलं आणि मला तुझं हॉस्टेल आठवलं. पावाचे तुकडे खिडकीत मांडून ठेवायचीस. हिरवा, काळा, गुलाबी. वॉर्डनने झडती घेतली तेव्हा ती किंचाळली, आणि तू तिला सांगितलंस, "ओरडू नका, त्या उडतील." म्हणजे बुरशीच्या बिया. तुला दंड झाला. ही बातमी मला तुझ्याकडून नव्हे, ट्रंक कॉलवर कळली होती.

तो कॉल तुला आठवतो का? मी नवीनच लागले होते. कानावर ते जड यंत्र, समोर दोऱ्यांची भिंत, आणि आमच्या सुपरवायझरबाईंची ताकीद की लाइन जोडली की कान काढायचा. कुणीतरी तुझ्या हॉस्टेलचा नंबर मागितला. मी म्हटलं, टाचणीशी बोलणारा हा कोण? कान काढला नाही. "ताई, बुरशी पाळल्याचा दंड भरायला घरी काय सांगू?" असं विचारणारा तो आवाज. धाकटा असून तुला ओरडत होता आणि ओरडताना हसत होता. तीन मिनिटं झाली तेव्हा मी मध्ये पडून म्हणायचं होतं, "वेळ संपली." मी म्हटलंच नाही. तूच ओरडलीस, "ए भोंग्या, तूच आहेस ना? तुझा श्वास ऐकू येतोय." त्याने विचारलं, "भोंगा कोण?" पुढच्या आठवड्यापासून तो तुझा नंबर मागायचा आणि तू लाइनवर येईपर्यंत माझ्याशी बोलायचा. मग तू आलीस तरी बोलायचा. मग तुझा नंबर मागायचा बंदच झाला.

त्या काळी माझा आवाज असा होता की लाइनच्या दुसऱ्या टोकाला माणूस सरळ बसायचा. आता शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, "कुणी लाकूड कापतंय का?"

खोलीत जात नाही. फारशी.

वहिनी


३ ऑगस्ट

हॉस्पिटल, खिडकीजवळची खाट

अगं,

चिडू नकोस. छातीवाल्याने तुला सगळं सांगितलं आहे हे मला माहीत आहे. त्याने तू काय म्हणालीस तेही सांगितलं. पेशंटच्या नातेवाइकाने पेशंटला "गाढव" म्हणावं हे कुठल्या शास्त्रात बसतं?

हो, मी गेले होते खोलीत. "फारशी" या शब्दाचा अर्थ रोज. थोडाच वेळ बसायचं ठरवून जायचे. त्याच्या खुर्चीत बसलं की त्याचा पटाशी घासण्याचा आवाज आठवायचा आणि उठावंसं वाटायचं नाही. आवाजाची माणसं आम्ही. तुला तुझ्या काचेखाली बघून माणूस आठवतो, मला ऐकून. त्या दिवशी मी फडकं घेऊन झालरींवरची धूळ झटकत होते. दुपारपर्यंत छातीत कुणी दोरी बांधून ओढावी तसं झालं. शेजारणीने ऐकलं, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही म्हणून ती धावत आली.

डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटला होता. त्या रबरी फांदीने वाट बुजवली होती. छातीवाल्याने पुन्हा नळी घालून ती ओढून काढली. काढल्यावर बाटलीत घालून मला दाखवली, अगदी अभिमानाने. म्हटलं, "नाव ठेवा आता, बारसं करा."

तू सांगितलेलं स्टेरॉइड सुरू झालंय. भूक इतकी लागते की नर्सचा डबा चोरावासा वाटतो. पण श्वास आत जातोय. टाचणे, तुला कळणार नाही, श्वास पार तळापर्यंत जाणं म्हणजे काय असतं. इतके महिने मी वरच्या वर, कपाटाच्या वरच्या फळीवरून सामान काढावं तसा घेत होते.

काल छातीवाला माझ्या खाटेवर बसला, कॉम्प्युटर न आणता. म्हणाला, "मावशी, एक गोष्ट सरळ विचारतो." आजीवरून मावशीवर आलाय, बढती आहे. "मागच्या वेळी तपासणीसाठी इथे राहिलात तेव्हा तुम्हाला बरं वाटत होतं. घरी गेलात आणि आठवड्यात परत तेच. तुमच्या घरात असं काय आहे?"

मी म्हटलं, "माझा नवरा."

मग मीच म्हटलं, "म्हणजे त्याची खोली."

"तुमच्या नणंदबाईंनी मला त्या खोलीबद्दल सांगितलंय," तो म्हणाला. "औषध मी देईन. पण ती खोली रोज तुम्हाला तेच पाजणार असेल, तर मी बादलीने पाणी उपसतोय आणि वर नळ चालू आहे. पुढच्या वेळी मिटलेला भाग उघडेलच असं नाही सांगता येत."

मी भिंतीकडे तोंड करून पडले. तू माझ्या जागी असतीस तर नळ सोडून बसली असतीस. शाळेत कॉरिडॉरमध्ये रडायला बंदी होती, म्हणून तू बाथरूममधले सगळे नळ सोडायचीस आणि मी बाहेर पहारा द्यायचे. सिस्टर आल्या की मी मोठ्याने प्रार्थना म्हणायचे. "ही मुलगी किती धार्मिक आहे," असं त्या प्रगतिपुस्तकात लिहायच्या. माझी सगळी धार्मिकता तुझ्या रडण्यावर उभी होती.

इथे खाटेजवळ नळ नाही.

तूच सांग, डॉक्टर म्हणून नको, त्याची बहीण म्हणून सांग. खोली रिकामी केली तर मी दुपारी कुठे बसू?

भो.


१४ ऑगस्ट

टाचणे,

तुझं पाकीट आलं. आतला फोटो बघून मी घरात आहे हे विसरले. शेजारीण पाणी घेऊन आली होती, तिच्या हातातून तांब्या घेतला आणि तसाच खाली ठेवला.

तुझ्या खिडकीतल्या बशीच्या कडेला तो उगवला आहे. नखाएवढा पांढरा पंखा. मखमली, आणि खालच्या बाजूला चुण्या, प्रत्येक चुणी मधोमध फाटल्यासारखी. तू फोटोच्या मागे एकच वाक्य लिहिलंस: "हा तुझ्या छातीतून आला आहे."

मी ओळखला. मी वर्षभर त्यांची धूळ झटकली आहे, टाचणे. मी नाही ओळखणार तर कोण?

म्हणजे मी त्याच्याजवळ बसायचे तेव्हा त्याची लाकडं माझ्या श्वासातून आत येत होती. आणि मी त्यांना माझ्या आत घर करून दिलं. हे वाक्य लिहून खोडणार होते, फार नाटकी झालंय. राहू दे. स्टेरॉइड बोलतंय म्हणायचं.

तू लिहितेस की हे पेरलं कुणी नाही आणि चूक कुणाची नाही, मेलेल्या लाकडावर ओल आली की ही बुरशी येते, हजार माणसं तिच्या शेजारून जातात आणि काही होत नाही, एखादीचं अंग तिच्यावर चिडतं. हे मात्र पटलं. माझं अंग चिडकं आहेच.

नव्या कॅप्सूल सुरू केल्या. त्यांच्याबरोबर कोला प्यायची, पोटात आंबट हवं म्हणून, आणि माझी आवडती ॲसिडिटीची गोळी बंद, नाहीतर कॅप्सूल अंगी लागत नाही, हे छातीवाल्याने तू सांगितलंस म्हणूनच सांगितलं. तो कबूल करतो. औषधाच्या दुकानदाराने मात्र दोन्ही एकदम पिशवीत घातलं होतं. मी त्याला दुकानातच उभं करून सगळं समजावलं. पाच वाक्यं, सलग, न खोकता! त्याला काय कळलं माहीत नाही, मी घरी येईपर्यंत वाक्यं मोजत होते. सत्तरी आली आणि डॉक्टरच्या हुकमाने कोला पिते. सिस्टरनी शाळेबाहेर पितानाच पकडलं होतं आपल्याला, आठवतं?

आता मुद्द्याचं. शेजारणीच्या ओळखीचा एक माणूस टेम्पो घेऊन यायला तयार आहे. अर्ध्या दिवसात खोली मोकळी करतो म्हणाला. मी त्याला नको म्हटलं. परक्या माणसाने तुझ्या भावाच्या ओंडक्यांना पाय लावलेला मला बघवणार नाही. तुला ती खोली रिकामी करायची होती ना? मग ये आणि कर. मास्क घालून ये, तुझ्याकडे असतीलच चांगले. मी अंगणाच्या पलीकडे शेजारणीकडे बसेन आणि तुझ्या कामात चुका काढेन.

तू बरोबर होतीस असं मी लिहिणार नाही. तेव्हा तुला झालरी दिसल्या नव्हत्या, झालरी तेव्हा नव्हत्याच. तू फक्त ओल बघितली होतीस. इतकं मान्य करते की तुझं नाक बरं आहे.

भोंगा


२१ सप्टेंबर

टाचणे,

सुखरूप पोचलीस हे कळलं. गाडीत तुझ्या शेजारी बसलेल्या बाईला तू तिच्या खोकल्यावरून प्रश्न विचारलेस, हेही वाचलं. त्या बिचारीला खिडकीची जागा हवी होती, निदान नको होतं.

घर फार मोठं झालंय. खोलीचं दार उघडं आहे, छप्पर दुरुस्त झालंय, फरशी तू सांगितलीस तशी धुवून वाळवून घेतली. लेथ तिथेच आहे, पुसून ठेवलाय. लोखंडावर तुझा आक्षेप नव्हता, हे त्याचं नशीब. सगळा उजेड आता आत येतो. इतकी वर्षं ओंडक्यांच्या मागे खिडकी होती, हेच मी विसरले होते.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. तू काम करत होतीस त्या दिवशी मी शेजारणीच्या ओट्यावरून बघत होते. मास्क, टोपी, हातमोजे, तू एखाद्या दरोडेखोरासारखी दिसत होतीस. प्रत्येक ओंडका पिशवीत घालण्याआधी तू त्याच्यावर बोटाने टकटक करत होतीस, सहा वर्षांपूर्वीसारखीच. शेजारणीने विचारलं, "त्या असं का करतात?" मी म्हणणार होते, वेडी आहे. मग एकदम मला तो दिसला. तोसुद्धा लाकूड उचलून आणलं की आधी टकटक करायचा आणि कान लावायचा. "बघ, हे बोलतंय," म्हणायचा. तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं की तू ओल शोधते आहेस.

शेजारणीला मी सांगितलं, "भावाचा निरोप घेतेय." तिने डोळे पुसले. ती कुठल्याही गोष्टीला पुसते, पण तरी.

आणि मग संध्याकाळी तू घरात आलीस, बाथरूमचं दार लावलंस आणि नळ सोडलास. मी बाहेर उभी राहिले. पहारा द्यायला आता सिस्टर नाहीत, कॉरिडॉर नाही. पाणी वाहत होतं, आणि पाण्याखालून तू. आयुष्यभर एका कानाने दुसऱ्याच्या लाइनी ऐकलेली बाई मी, मला नळाच्या आवाजाने कोण फसवणार? मागच्या वेळीही ऐकलं होतं. मागच्या वेळी मी टाकीचा हिशेब केला.

या वेळी दार वाजवलं. "टाचणे, नळ बंद कर. बाहेर ये, इथे रडायला परवानगी आहे."

तू बाहेर आलीस तेव्हा नाक लाल, टोपी अजून डोक्यावर. म्हणालीस, "भोंग्या, तुझा आवाज आला."

मला वाटलं, तुला दाराबाहेरून ऐकू आला म्हणते आहेस. रात्री अंथरुणात पडल्यावर कळलं. पूर्ण आवाज आला होता. भिंतीपलीकडून शेजारीणही म्हणाली होती, "काय हो, भांडण झालं का?"

ती पेटी तू घेऊन गेलीस, बरं केलंस. तुझ्या सूक्ष्मदर्शकाच्या काचा ठेवायला तो ती करत होता, तुझ्या निवृत्तीला द्यायची म्हणून. झाकण बसवायचं राहिलं आणि तो गेला. इतकी वर्षं मी ती फडताळात ठेवली होती, खोलीतून काढून, खोलीत आहे असं तुला लिहून. देऊन टाकली असती तर माझ्याकडे तुझ्याशी भांडायला काय उरलं असतं? तू ती उजेडात धरून, वास घेऊन, नखाने खरवडून तपासलीस आणि म्हणालीस, "कोरडी आहे. स्वच्छ आहे." मग बिजागऱ्या नाहीत म्हणून दोरीने बांधलीस. त्याने केलेल्या एकाही स्टुलाचे चारही पाय जमिनीला टेकले नाहीत, पण पेटीच्या खाचा मात्र सरळ आल्यात. तुझ्यासाठी केल्या होत्या ना.

तू लिहितेस की त्या पेटीत पहिली काच माझी ठेवलीस. माझ्या छातीतला तो पांढरा धागा, कड्यांसकट, आणि वर चिठ्ठीवर माझ्या नावाऐवजी "भोंगा". तिथली नवी मुलं विचारतात की हे कसलं नाव, आणि तू म्हणतेस, "बुरशीचं." बरं झालं सिस्टर हयात नाहीत.

छातीवाला म्हणतो की कॅप्सूल अजून काही महिने, स्टेरॉइड हळूहळू उतरवायचं, रक्त तपासत राहायचं, उलटू शकतं. उलटलं तर बघू. त्याने तुझा नंबर भिंतीवर लावून ठेवलाय.

तू निघताना विचारलं होतंस, दुपारी कुठे बसणार? उत्तर दिलं नव्हतं. खुर्ची खोलीतच ठेवली आहे, खिडकीत. फोनची तार लांब करून तिथपर्यंत आणून घेतली. माणूस म्हणाला, "बाई, आता कुणी असले तारेचे फोन ठेवत नाही." म्हटलं, "तुम्ही ठेवू नका."

रविवारी चारला फोनजवळ बस. मी बोलेन, न थांबता, आणि तू ऐकायचं. तीन मिनिटांनी वेळ संपली असं कुणी सांगणार नाही. मीच लाइनवर आहे.

भोंगा